लोखंडाची साक्ष

पदक म्हणजे पराक्रमाची पावती, असे आपण सहज म्हणतो. परंतु पावतीही बनावट असू शकते, हे कचेरीतील कागदपत्रे तपासण्यात उमेद घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. जुनी लष्करी पदके जमवणाऱ्यांना हा अनुभव जर्मनीच्या ‘आयर्न क्रॉस’च्या, म्हणजे लोखंडी क्रुसाच्या, बाबतीत वारंवार येतो.

प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याने नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी १८१३ मध्ये हे पदक स्थापन केले. स्थापनेची तारीख १० मार्च. तो त्याच्या दिवंगत राणीचा, लुईझेचा, जन्मदिवस होता. राजाच्या कल्पनेला वास्तुशिल्पी शिंकेल याने रूप दिले : मध्ये काळे लोखंड आणि भोवती चांदीची कड. देशाची तिजोरी तेव्हा रिती झाली होती. स्त्रिया सोन्याचे दागिने युद्धनिधीस देत आणि त्यांच्या बदल्यात लोखंडाचे दागिने अंगावर मिरवीत. लोखंड हे त्यागाचे चिन्ह ठरले ते असे. शिवाय हे पदक देताना सेनापती आणि साधा शिपाई असा भेद नव्हता.

पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि त्या त्या वर्षाचा आकडा क्रुसावर आला. १९३९ च्या क्रुसावर नाझी स्वस्तिकही आले. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या वर्गाचे सुमारे ५० लाख क्रूस वाटले गेले. साहजिकच ते आजही मुबलक आहेत. बनावटीचा खरा जोर दुर्मीळ नमुन्यांवर असतो.

मग खरेखोटे ओळखावे कसे? अस्सल क्रूस बहुधा तीन भागांचा असतो : लोखंडी गाभा आणि त्याला दोन्ही बाजूंनी कवटाळून डाख दिलेल्या दोन कडा. भिंगाखाली कडेवरचा सांधा दिसतो. नकली क्रूस पुष्कळदा एकाच साच्यात ओतून वर रंगवलेला असतो. त्याचे नक्षीकाम बोथट असते आणि पृष्ठभागावर ओतकामाची बारीक छिद्रे आढळतात. लोहचुंबकाची परीक्षा उपयोगी खरी, पण निर्णायक नव्हे. काही अस्सल गाभे लोखंडाचे नसतात आणि चतुर नकलाकार लोखंडच वापरतो. आणखी एक पेच आहे. पश्चिम जर्मनीने १९५७ च्या कायद्याने जुनी युद्धपदके स्वस्तिकाविना वापरण्यास मुभा दिली आणि तशी पदके नव्याने तयार झाली. ती बनावट नव्हेत. युद्धकाळातील म्हणून विकली, म्हणजे मात्र फसवणूक होते.

परंतु धातूपेक्षाही कथा अधिक फसवते. पहिल्या महायुद्धात लढलेल्या हिंदी शिपायांना मिळालेल्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचे नाव कोरलेले असे. साताऱ्याकडील एखाद्या घरातले असे पदक आपला धनी कोण हे स्वतःच सांगते. जर्मन क्रूस सरकारातून दिला जाई तो नावाविना. १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागणाऱ्या ‘एमडेन’ जहाजावरील खलाशाचा हा क्रूस, असे कोणी सांगितले, तर क्रूस स्वतः त्याला दुजोरा देऊ शकत नाही. त्यासाठी सोबत सनदच हवी.

नकली धातूने ग्राहकाचे पैसे बुडतात. खोट्या कथेने मात्र एका अनाम शिपायाचे आयुष्य दुसऱ्याच्या नावावर चढते. संग्राहकाने धातू पारखावा, कागद पाहावा आणि दोन्ही मुके असतील तेथे आपणही मौन पाळावे. इतिहासाची तेवढी सेवा त्याच्या हातून घडू शकते.