पद्मिनीची ठिणगी : सीबी पॉइंट ते इलेक्ट्रॉनिक इग्निशन

१/ १९७४ साली ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव घेऊन रस्त्यावर आलेल्या मोटारींनी आता पन्नाशी ओलांडली आहे. जतन केलेल्या अशा जुन्या गाड्यांत पुष्कळदा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले जाते. त्यानंतर ती मोटार ऐतिहासिक उरते काय? आजचा धागा याच प्रश्नावर.

२/ सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. पद्मिनी ही तिचीच पुढची ओळख. १०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन हा तिचा आत्मा.

३/ त्या इंजिनातील ठिणगीची पद्धत अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग याची. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती प्रथम आली. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलमधून वाहतो. सीबी पॉइंट उघडताच तो तुटतो, कॉइलमधील चुंबकक्षेत्र कोसळते आणि हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते.

४/ इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पॉइंट मिनिटाला ६००० वेळा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा उघडतात! साहजिकच त्यांची टोके जळतात. कॅमवर घासणारा तुकडाही झिजतो. फट कमी होते, टायमिंग मागे पडते आणि गाडी ओढेनाशी होते. म्हणून मिस्त्री पॉलिश पेपरने पॉइंट घासत आणि फिलर गेजने फट पुन्हा लावत.

५/ ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा. १९७३ च्या मॉडेलांपासून क्रायस्लरने अमेरिकेतील आपल्या सर्व मोटारींना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिले. पद्मिनीचे नामकरण त्याच्या पुढच्याच वर्षीचे. ती मात्र त्यानंतरही अनेक वर्षे पॉइंटवरच धावली. परवाना-राजवटीत स्पर्धाच मोजकी होती. बदलण्याची निकड कंपनीला भासली नाही.

६/ आज जे मॉड्यूल बसवतात, त्यात कॅमवर चुंबकांचे एक कडे चढते. एडविन हॉल याने १८७९ साली शोधलेल्या परिणामावर चालणारा संवेदक ते चुंबक ओळखतो आणि ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. पॉइंट व कंडेन्सर निघतात. जोडायच्या तारा बहुधा दोनच : लाल कॉइलच्या धन टोकाला, काळी ऋण टोकाला. उलट जोडल्यास मॉड्यूल जळू शकते.

७/ आणखी दोन पथ्ये. कॉइलआधी बॅलास्ट रेझिस्टर असेल, तर लाल तार सहसा त्याच्या अलीकडून, पूर्ण १२ व्होल्टवरून घ्यावी लागते. कॉइलचा रोध मॉड्यूलला मानवतो का, हेही आधी मोजावे. इंजिन बंद असताना किल्ली ‘ऑन’ ठेवू नये. कॉइल व मॉड्यूल दोन्ही तापतात.

८/ मात्र एक फरक विसरू नये. पॉइंट हळूहळू बिघडतात, सूचना देतात आणि रस्त्याकडेला दुरुस्त होतात. मॉड्यूल बहुधा एकाएकी मरते. खानदेशच्या उन्हाळ्यात, धरणगावसारख्या तालुक्याच्या गावाबाहेर गाडी थांबली, तर नवे मॉड्यूल कुठून आणणार?

९/ आता मूळ प्रश्न. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनाची व्याख्या आली : वय ५० वर्षांहून अधिक, रूप मूळचे, आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल नसलेला. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ‘तुरिन सनद’ही हेच सुचवते : बदल परतवता येण्याजोगा असावा, त्याची नोंद ठेवावी आणि काढलेले मूळ भाग जपावेत.

१०/ माझ्या मते ही कसोटी मोलाची आहे. बॉडी कापणे हा इतिहासाचा नाश. दोन तारा बदलणे तसे नव्हे, कारण अर्ध्या तासात जुनी रचना परत येते. अट एवढीच, की मूळ पॉइंट, कंडेन्सर आणि प्लेट भंगारात जाऊ नयेत.

११/ मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. ती सांभाळणारे मिस्त्रीही आता थकले आहेत. आपल्या गावात असे कोणी असतील, तर फट कशी लावतात ते त्यांच्याकडून शिकून घ्या, त्याचे चित्रण करा. आणि मॉड्यूल बसवलेच, तर जुना संच तारखेच्या चिठ्ठीसह डिकीत ठेवा.