जोते

* जोते : जमिनीपासून उचललेला घराचा चौथरा. बाहेरून दगड, आत ठासलेला मुरूम. अनेक अमेरिकी घरांसारखी खाली पोकळी नाही, त्यामुळे घराखाली पाणी साचण्याचा प्रश्न नाही. पण मुळशीत, विशेषतः ताम्हिणीकडे, वर्षाला ५,००० मिलिमीटरवर पाऊस. डोंगरउताराचे पाणी मागच्या भिंतीत मुरते आणि घरात उपळ फुटतात. म्हणून वळचण पुढे काढायची, पागोळ्या जोत्यापासून लांब पडाव्यात, आणि घरामागे चर खणून पाणी बाजूने ओढ्याकडे न्यायचे. (जुन्या दगडमातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते; हौशी दुरुस्तीवाल्यांना हे उशिरा उमगते.) चरातला गाळ दरवर्षी आगोटीला उपसतात.