सिगारेटचें नाणें

व्यसनाची खरी किंमत बहुधा व्यसनी मनुष्यालाहि कळत नाहीं. दुकानांत तो पैसे मोजतो एवढेंच. त्या पैशांपायीं घरांतील कोणती गरज मागें राहिली, हें महिन्याच्या जमाखर्चांत सहज दडून जातें. दुसऱ्या महायुद्धांत मात्र अशी एक जागा निर्माण झाली कीं, जेथें सिगारेट हाच पैसा ठरला आणि धूम्रपान करणाराचा हिशेब चारचौघांदेखत उघडा पडला. ती जागा म्हणजे युद्धकैद्यांची छावणी.

या छावण्यांचें वर्णन आर. ए. रॅडफर्ड यांनीं लिहून ठेविलें आहे. अर्थशास्त्राचे हे अभ्यासक ब्रिटिश सैन्यांत असतां शत्रूच्या हातीं सांपडले, आणि प्रथम इटलींत व पुढें जर्मनींत कैदेंत राहिले. सुटकेनंतर, १९४५ च्या नोव्हेंबरांत, ‘इकॉनॉमिका’ या नियतकालिकांत त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

छावणींत प्रत्येकाला जवळजवळ सारखेंच मिळे: जर्मनांकडून शिधा, आणि रेड क्रॉसकडून डबाबंद दूध, मुरंबा, लोणी, बिस्किटें, चॉकलेट, साखर व सिगारेटी. पण आवडीनिवडी सारख्या नव्हत्या. आरंभीं, सिगारेट न ओढणारानें आपल्या सिगारेटी मित्राला द्याव्या व त्याचें चॉकलेट घ्यावें, एवढाच व्यवहार होता. त्या काळच्या एका पाद्र्याची गोष्ट छावणीभर सांगितली जाई. चीजचा एक डबा व ५ सिगारेटी घेऊन तो फेरीला निघाला. परतला तेव्हां डबा व सिगारेटी जशाच्या तशा असून शिवाय रेड क्रॉसचें एक संपूर्ण पुडकें त्याच्या हातीं होतें. इतर लोक आंवळा देऊन कोहळा काढतात. याचा आंवळाहि हातचा गेला नाहीं!

हळूहळू भाव स्थिरावले, आणि ते सिगारेटींत बोलले जाऊं लागले. एक कपडा धुण्यास २ सिगारेटी, चहाच्या अथवा कॉफीच्या पेल्यास २, सैनिकी पोशाख धुऊन इस्तरी करून घेण्यास १२, आणि रंगीत खडूंनीं काढलेल्या चांगल्या व्यक्तिचित्रास ३०. उर्दू जाणणारा एक कैदी भारतीय विभागांतील शीख सैनिकांकडून मांस घेई व त्यांना लोणी आणि मुरंबा देई. ही वार्ता पसरली तशी इतरांनींहि त्या व्यापारांत उडी घेतली आणि दोन्हीकडचे भाव जवळ आले. तरी भाषेची भिंत अखेरपर्यंत पुरती ढळली नाहीं.

परंतु या नाण्यांत एक विलक्षण दोष होता: तें जाळतां येत असे. रुपया खर्च झाला तरी दुसऱ्याच्या खिशांत जातो. ही सिगारेट ओढली कीं धनाचा धूर होई. रेड क्रॉसकडून आठवड्याला माणशीं २५ किंवा ५० सिगारेटी नियमित येत, तोंवर बाजार सुरळीत चाले. पुरवठा खंडला कीं शिल्लक ओढून संपे, भाव कोसळत, आणि व्यवहार पुन्हा अदलाबदलीवर येई. जवळपास विमानांचे जोराचे हल्ले झाले कीं धूम्रपान वाढे व चलन आणखी आटे.

ज्याला व्यसन नव्हतें, त्याच्या हातीं दर आठवड्याला भांडवल येई. व्यसनी मनुष्य तेंच भांडवल फुंकून टाकी, आणि मग आपला शिधा विकावयास निघे. तो शिधा कांहीं चैनीचा नव्हता. विकला जाई तो तोंडचा घासच. एकदां तर धूम्रपानाच्या कांहीं निस्सीम भक्तांची प्रकृति अपुऱ्या अन्नामुळें ढासळल्याचें आढळून आलें. त्यांचा भार रुग्णालयाच्या आधींच आटलेल्या अन्नसांठ्यावर पडूं लागला, तेव्हां जर्मन शिध्याच्या खरेदीविक्रीस बंदी करावी लागली. एकाच्या धुरासाठीं दुसऱ्या आजाऱ्याचा घास कमी होतो, हें इतक्या उघडपणें क्वचितच दिसलें असेल.

हे सैनिक मूर्ख नव्हते. धुराबरोबर निकोटिन कांहीं सेकंदांतच मेंदूपर्यंत पोंचतें, आणि सुमारें दोन तासांत रक्तांतील त्याचें प्रमाण निम्म्यावर येतें. त्यामुळें सवय जडलेल्याचा दिवस घड्याळाऐवजीं पुढच्या सिगारेटीनें मोजला जातो. ती न मिळाल्यास चित्त अस्वस्थ होतें, चिडचिड होते, कामांत लक्ष लागत नाहीं. फुप्फुसाच्या कर्करोगाशीं धूम्रपानाचा संबंध डॉल व हिल यांनीं १९५० सालीं दाखविला. आणि निकोटिन हें व्यसन जडविणारें द्रव्य आहे, असें अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या अहवालानें १९८८ सालीं स्पष्ट सांगितलें. छावणीच्या बाजारानें तीच गोष्ट शिध्याच्या भावांत आधीं लिहून ठेविली होती.

१९४५ च्या एप्रिलांत अमेरिकन सैन्य आलें आणि रॅडफर्ड यांच्या छावणींतील बाजार संपला. पराभूत जर्मनींतील काळ्या बाजारांत सिगारेटीचें नाणें आणखी तीन वर्षें चाललें. २० जून १९४८ रोजीं नवा मार्क निघाला, तेव्हां त्याचें राज्य आटोपलें. सिगारेट पुन्हा दुकानांतील एक जिन्नस झाली, आणि व्यसनी मनुष्याचा हिशेब पुन्हा वहीच्या पानांत दडला. घासाच्या बदल्यांत धूर घेण्याचा सौदा मात्र चालूच आहे. घास कोणाच्या ताटांतला, हें तेवढें आतां ज्याचें त्यानें शोधावयाचें आहे.