नोंद एक, स्थान एक

सरकारी कामासाठीं संगणकावर अर्ज भरतांना आपण प्रथम जिल्हा निवडतों. लगेच त्या जिल्ह्याचेच तालुके समोर येतात. तालुका निवडला कीं त्यांतील गांवांचीच यादी उघडते. सातबाराचा उतारा पाहणाऱ्या प्रत्येकास हा अनुभव आहे. एक यादी दुसरीच्या आज्ञेंत वागते, ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे कीं तिच्यामागें कांहीं इतिहास असेल असें मनांतहि येत नाहीं. तोच आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

१९६० नंतरच्या दशकांत मोठमोठ्या संस्थांनीं आपलीं दप्तरें यंत्रांत घातलीं, तेव्हां तीं बहुधा झाडाच्या आकारांत रचलेलीं असत. खोडापासून फांदी, फांदीपासून डहाळी, हा क्रम ठरलेला. चंद्रावर माणूस पाठविण्याच्या अपोलो योजनेंतील असंख्य सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठीं आयबीएम कंपनीनें जी आयएमएस नांवाची व्यवस्था उभारली, ती याच घाटाची होती. ठरलेल्या वाटेनें जाणाऱ्यास ती वेगानें माहिती देई. पण रचना बदलली कीं जुन्या आज्ञावली कोलमडत. माहिती कोठें आहे, एवढेंच नव्हे तर तिच्यापर्यंत कोणत्या वाटेनें जावयाचें, हेंहि विचारणाऱ्यास ठाऊक असावें लागे.

हा जाच दूर करण्याचा मार्ग एडगर कॉड यांनीं दाखविला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर १९२३ सालीं त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्ड येथें त्यांनीं गणिताचें अध्ययन केलें, दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश विमानदलांत वैमानिकाचें काम केलें, आणि १९४९ सालीं ते आयबीएममध्यें दाखल झाले. कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथील प्रयोगशाळेंत असतांना, जून १९७० मध्यें, त्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचें सार असें: माहिती यंत्राच्या पोटांत कशीहि मांडलेली असो, वापरणाऱ्यास तिची फिकीर नसावी, त्याच्यापुढें साधीं कोष्टकें असावींत, आणि कोष्टकांची सांगड त्यांतील मजकुरावरूनच पडावी. गणितांत अशा मांडणीस 'संबंध' म्हणतात. त्यावरून या पद्धतीस संबंधाधिष्ठित पद्धती हें नांव पडलें.

आपल्याच उदाहरणानें पाहूं. एक कोष्टक जिल्ह्यांचें; प्रत्येकापुढें एक स्वतंत्र क्रमांक. दुसरें तालुक्यांचें, त्यांत तालुक्याचा क्रमांक, नांव, आणि तो ज्या जिल्ह्यांत मोडतो त्याचा क्रमांक. तिसरें गांवांचें, त्यांत तालुक्याचा क्रमांक. जिल्ह्याचें नांव पहिल्या कोष्टकांत, आणि तेंहि एकदांच. मग अवलंबून असलेली यादी म्हणजे काय? निवडलेल्या जिल्ह्याचा क्रमांक ज्यांच्यापुढें आहे तेवढेच तालुके दाखीव, हा तालुक्यांच्या कोष्टकास विचारलेला प्रश्न. याहून अधिक कांहीं नाहीं. क्रमांक कशाला, नांव कां नको? कारण पिंपळगांव नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक आहेत. क्रमांक मात्र एकेकाचा एकच. शिवाय जो क्रमांक जिल्ह्यांच्या कोष्टकांत नाहीं तो तालुक्यापुढें लिहूंच द्यावयाचा नाहीं, असा निर्बंधहि घालतां येतो.

नव्या विचाराचें स्वागत तत्काळ झालें नाहीं. आयएमएस हा आयबीएमचा चालता धंदा होता, आणि कोष्टकांची पद्धती मंद ठरेल असें अनेक जाणकारांस वाटे. १९७४ च्या सुमारास सॅन होझे येथें 'सिस्टीम आर' नांवाचा प्रयोग सुरू झाला; त्यांतून चेंबरलिन व बॉइस यांची प्रश्न विचारण्याची भाषा पुढें आली. तीच आजची 'एसक्यूएल'. १९७९ सालीं 'ओरॅकल' बाजारांत आलें; आयबीएमचा स्वतःचा माल १९८१ सालीं आला. त्याच वर्षीं कॉड यांस संगणकशास्त्रांतील ट्युरिंग पारितोषिक मिळालें.

व्यवहारांत याचें मोल केव्हां कळतें? १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा झाला. अशा रचनेंत जिल्ह्यांच्या कोष्टकांत एक नोंद वाढवावयाची आणि आठ तालुक्यांपुढील जिल्ह्याचा क्रमांक बदलावयाचा; जव्हार-मोखाड्याच्या एकाहि गांवाच्या नोंदीस हात लावावा लागत नाहीं. २०२३ सालीं उस्मानाबाद जिल्हा धाराशिव झाला. तेथें तर एकच शब्द पालटला कीं पुरे. नांव प्रत्येक नोंदींत निराळें लिहिलेलें असेल तर कांहीं बदलतात, कांहीं राहून जातात, आणि एकाच कुटुंबाचा एक दाखला दुसऱ्यास खोटा पाडतो.

परंतु या सोयीबरोबर एक जबाबदारीहि येते. कागदी अर्जावर माणूस आपल्या गांवाचें नांव स्वतःच्या हातानें लिहूं शकतो. येथें यादींत गांवच नसेल, किंवा तें भलत्याच तालुक्याखालीं पडलें असेल, तर अर्ज पुढेंच सरकत नाहीं. एके ठिकाणची शुद्ध नोंद सर्वांच्या उपयोगी पडते, तशीच एके ठिकाणची चूक सर्वांच्या आड येते. नोंद एकदांच लिहावयाची, म्हणूनच ती डोळ्यांत तेल घालून लिहावयाची.