फर्मान सोडणे

फर्मान सोडणे (वाक्प्रचार, फर्मान, न.) : समोरच्याचे काही ऐकून न घेता, अधिकाराच्या तोऱ्यात, कडक शब्दांत हुकूम देणे. देणाऱ्याला तसा अधिकार असतोच असे नाही. किंबहुना अधिकार तोकडा आणि आवाज चढा असेल तिथेच हा वाक्प्रचार अधिक शोभतो. वापर बहुधा तक्रारीचा किंवा उपरोधाचा, आणि दुसऱ्याबद्दलच. उदा. ‘मामंजींनी फर्मान सोडलं, दिवेलागणीच्या आत सगळे घरात!’, ‘साहेब फर्मान सोडून मोकळे, निस्तरायचं आम्ही’.

व्युत्पत्ती : फारसी ‘फर्मान’ (आज्ञा). ‘फर्मावणे’, ‘फर्माईश’ त्याच कुळातले. मुद्दाम सांगून करवून घेतलेले ते उत्तम, या वाटेने आलेला ‘फर्मास’ही त्यातलाच, हुकमांच्या या घराण्यात तेवढाच एक गोड निघाला.

इतिहास : मोगल दफ्तरात बादशहाच्या नावे निघे तेच फर्मान, शाहजाद्याचे ते निशाण, अधिकाऱ्याचा तो परवाना. बोलीने ही उतरंड मोडली आणि फर्मान कोणाच्याही तोंडी दिले. आदिलशाहीतूनही फर्माने सुटत. त्यांपैकी महाराष्ट्रात विशेष गाजलेले १६५९ सालचे, रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे यांच्या नावचे. शिवाजी महाराजांवर चालून येणाऱ्या अफजलखानाला सामील व्हावे, असा त्यात अली आदिलशहाचा हुकूम होता. मजकुराचा सूरही जरबेचा. त्याच खोऱ्यातले खोपडे देशमुख खानाला मिळाले. कान्होजी मात्र फर्मान घेऊन, पाच मुलांसह महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले, असे जेधे घराण्याच्या कागदांत येते. आज या वाक्प्रचारात जो पोकळ दरारा ऐकू येतो, त्याचा याहून बोलका दाखला दफ्तरांत क्वचितच मिळेल. त्याच शतकात महाराजांनी करवून घेतलेल्या राजव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. बोलीतले फर्मान तरीही हलले नाही.

अर्थच्छटा : ‘सोडणे’ घरात व कचेरीत, सरकार, संस्था यांच्याबाबत ‘काढणे’ही चालते. ‘दम भरणे’त धमकी असते, ‘खरडपट्टी काढणे’त झालेल्या चुकीचा समाचार, फर्मानाला चूक व्हावी लागत नाही. ‘फतवा काढणे’ जवळचा, पण त्यात आज्ञेच्या अतर्क्यपणावर भर.

लेखनभेद : फर्मान, फरमान. दोन्ही रूढ.