पत्रा, मोगरी आणि आकाश : घरी घडणाऱ्या विमानाच्या उपकरणफलकाचा इतिहास

दिल्लीतील मुनिरका ही वस्ती एका दृष्टीने विमानांच्या सावलीत वसलेली आहे. पालमच्या धावपट्टीकडे उतरणारी विमाने तिच्या छपरांवरून जातात. पाच-सहा किलोमीटरवर सफदरजंगचा जुना विमानतळ आहे, आणि त्याच्यासमोर, अरविंद मार्गावर, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे मुख्यालय आहे. भारतात कोणते विमान उडावे आणि कोणते उडू नये, याचा निर्णय तेथे होतो. कांदिवलीच्या एका गच्चीवर घडलेल्या विमानाचा कागदोपत्री प्रवास याच कार्यालयापर्यंत येऊन पोहोचला होता. त्या विमानाची कथा अनेकांनी ऐकली आहे. परंतु असे विमान घरी घडवताना हातांना काय काय यावे लागते, याची कथा फारशी सांगितली जात नाही. त्यासाठी विमानाचा एक लहानसा भाग पाहणे पुरेसे आहे. तो भाग म्हणजे वैमानिकाच्या डोळ्यांसमोरचा ॲल्युमिनियमचा उपकरणफलक.

१९०३ साली राइट बंधूंनी उड्डाण केले, तेव्हा असा फलक अस्तित्वातच नव्हता. वाऱ्याचा वेग मोजणारे एक यंत्र, एक घड्याळ आणि इंजिनाचे फेरे मोजणारे एक साधन एवढीच त्यांची सामग्री होती. वैमानिक क्षितिजाकडे पाहून विमान सरळ ठेवी. ढगात शिरताच मात्र हा आधार तुटे. कानाच्या आतील तोलाची जाणीव माणसाला फसवते, आणि वळणारे विमानही सरळ जात असल्याचा भास होतो. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेतील जेम्स डूलिटल यांनी आपली बैठक पूर्ण झाकून घेतली आणि केवळ उपकरणे पाहून विमान उडवले व उतरवले. त्या दिवसापासून फलक हा वैमानिकाचा दुसरा डोळा ठरला. पुढे उपकरणांच्या मांडणीलाही शिस्त आली. मध्यभागी कृत्रिम क्षितिज, डावीकडे वेग, उजवीकडे उंची आणि खाली दिशा ही रचना आजही लहान विमानांत आढळते. नजरेला ठरलेल्या वाटेने फिरण्याची सवय लागावी, हा तिचा हेतू.

हा फलक ॲल्युमिनियमचाच का, याची कारणे साधी आहेत. तो हलका असतो, गंजत नाही, आणि मुख्य म्हणजे होकायंत्राची सुई त्याच्यामुळे विचलित होत नाही. मात्र शुद्ध ॲल्युमिनियम फार मऊ असते. ही अडचण जर्मनीतील आल्फ्रेड विल्म यांच्या प्रयोगांतून सुटली. १९०६ साली त्यांनी तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून एकदम थंड केले. लगेच मोजले तेव्हा ते फारसे कठीण नव्हते, पण काही दिवसांनी मोजले तेव्हा कुणी हात न लावताही त्याचा कठीणपणा वाढलेला होता. ‘ड्युरालुमिन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या मिश्रधातूनेच धातूच्या विमानांचे युग शक्य केले.

येथे एक मौज आहे. पोलादाला ‘पाणी दिले’ की ते तत्काळ कठीण होते, हे गावच्या लोहाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. या मिश्रधातूचे वागणे वेगळे. सुमारे ४९५ अंश सेल्सिअसवरून पाण्यात बुडवल्यावर तो प्रथम मऊच राहतो, आणि मग तास-दिवस जातात तसा कठीण होत जातो. कारागिराला हवा तो आकार त्या मधल्या थोड्या अवधीत द्यावा लागतो.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत या विद्येचे जुने नातेवाईक भेटतात. तांब्याच्या हंड्यावर ओळीने उमटणाऱ्या मठाराच्या खुणा केवळ शोभेच्या नसतात. प्रत्येक घावाने पत्रा दाबला जातो आणि भांडे ताठ होते. ठोकून ठोकून धातू कठीण झाला, की तांबट त्याला पुन्हा भट्टीत तापवून मऊ करतो. तांबे लाल होऊन आपली वेळ सांगते. ॲल्युमिनियम मात्र असा इशारा देत नाही. ६६० अंशांना ते वितळते आणि तोपर्यंत रंग बदलत नाही. म्हणून पत्र्याचे जुने कारागीर त्यावर साबण घासत. साबण काळपट झाला की धातू पुरेसा तापला, असे समजून ज्योत बाजूला घेत.

घरी विमान बांधणारा फलक घडवतो तो साधारणपणे असा. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा कापून घ्यायचा. फलकाच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे करायचे, त्यांच्या कडा गोलसर घासायच्या आणि त्यांच्यामध्ये पत्रा घट्ट आवळायचा. बाहेर राहिलेली कड लाकडी किंवा प्लास्टिकच्या मोगरीने हळूहळू दुमडत न्यायची. लोखंडी हातोडा येथे चालत नाही, त्याचे व्रण राहतात. फलकाची वरची कड कमानीसारखी असते. ती दुमडताना धातू जास्त होतो आणि झालरीसारख्या चुण्या पडतात. हा जादा धातू ठरावीक अंतरावर बारीक पन्हळी पाडून सामावून घ्यावा लागतो. आतल्या बाजूस वळणाऱ्या कडेला याच्या उलट घडते. तेथे धातू ताणला जातो आणि घाई केल्यास चिरतो. शिवाय दुमडलेला पत्रा हात काढताच किंचित मागे उसळतो. म्हणून ठोकळ्याची कड आधीच थोडी उतरती ठेवून पत्रा हव्या त्या कोनापेक्षा जरा अधिक दुमडतात.

मग भोके. मोठ्या उपकरणांसाठी सुमारे ७९ मिलिमीटरचे, लहानांसाठी सव्वादोन इंचांचे. भोक पाडण्यापेक्षा त्याची कड कानशीने गुळगुळीत करण्यास अधिक वेळ लागतो, आणि तेच काम सर्वांत महत्त्वाचे असते. कडेवरचा एखादा ओरखडा दिसायला क्षुल्लक असतो, पण इंजिनाच्या अखंड थरथरीने तेथूनच भेग सुरू होते. अखेरीस फलकाला चमक नसलेला रंग देतात, म्हणजे ऊन परावर्तित होऊन वैमानिकाचे डोळे दिपत नाहीत.

हे ज्ञान भारतात कारखान्याच्या वाटेने आले, आणि त्या वाटेवर महाराष्ट्राची माणसे ठळकपणे दिसतात. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. कोल्हापूर जिल्ह्यातील डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आले आणि याच कंपनीत दाखल झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली आकारास आलेले एचटी-२ हे दोन आसनांचे धातूचे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. भारतीय वैमानिकांच्या अनेक तुकड्या त्यावर शिकल्या. इकडे दिल्लीत नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात एस. राममृतम यांनी रोहिणी, कार्तिक यांसारखे ग्लायडर आणि पुढे १९६७ साली उडालेले ‘रेवती’ हे लहान विमान रेखाटले. नक्षत्रांची नावे धारण करणारी ही याने राजधानीतच कल्पिली गेली, हे दिल्लीकर मराठी माणसालाही सहसा ठाऊक नसते.

कारखान्यात मात्र आराखडा एकाचा, ठोकळा दुसऱ्याचा आणि मोगरी तिसऱ्याची असते. हे सारे एकाच्या हाती आले तर काय होते, याचे उत्तर कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाने दिले. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादवांनी कांदिवलीतील चारकोप येथे आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. आधीचे दोन प्रयत्न तडीस गेले नव्हते. तिसऱ्याला सुमारे सहा वर्षे लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये क्रेनने खाली उतरवलेले ते विमान वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले आणि लोकांनी गर्दी केली.

गर्दी जमणे आणि परवानगी मिळणे यांत पुष्कळ अंतर असते. व्यक्तीने घरी बांधलेल्या विमानाला नियमांच्या चौकटीत कोठे बसवायचे, हा प्रश्न रेंगाळत राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची अनुमती मिळाली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून विमानाने चाचणी उड्डाण केले. या विलंबाकडे केवळ रोषाने पाहता येत नाही. विमान पडते ते लोकवस्तीवर, म्हणून तपासणाऱ्याने कठोर असणे योग्यच आहे. परंतु कठोर तपासणी आणि तपासणीसाठी दारच नसणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना उभी केली. तेथे अनुभवी बांधणारे नवख्याच्या कामाकडे बारकाईने पाहतात, चुका दाखवतात, आणि नियमनाचे दार त्यामुळे उघडे राहते. आपल्याकडे असा शेजार अद्याप दाट झालेला नाही. त्यामुळे एकट्या माणसाला घडवण्याइतकीच शक्ती आपले काम पटवून देण्यात खर्चावी लागते.

आज संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे असा फलक काही मिनिटांत कापून देतात आणि सहा गोल तबकड्यांची जागा काचेचा एक पडदा घेतो. यात दुःख मानण्याचे कारण नाही. तरीही पत्रा कोठे चिरेल आणि किती मागे उसळेल, हे आधी कुणाच्या तरी हातांनी जाणलेले असते. यंत्राला आज्ञा लिहून देणारा माणूस तेच ज्ञान आकड्यांत मांडत असतो.

शाळेच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास अनेकदा शेवटी येतो आणि परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी तोच गणिताला दिला जातो. वास्तविक पत्रा दुमडणाऱ्या मुलाला कोन, त्रिज्या आणि धातूचा स्वभाव एकाच वेळी शिकावा लागतो, आणि चूक झाली तर ती खोडरबराने पुसता येत नाही. घाटगे ग्रंथालयातून विमानापर्यंत पोहोचले, यादव गच्चीवरून, आणि तांबट आळीतला कारागीर तेथपर्यंत पोहोचलाच नाही, कारण त्याच्या हातातल्या विद्येला विद्या म्हणण्याची पद्धत नव्हती. साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेने पुढल्या साठ वर्षांसाठी तो एक तास राखून ठेवला, तरी या तिघांमधले अंतर थोडे कमी होईल.