हनाचरक : भाषा जिवंत, लिपी अनोळखी

१/
इंडोनेशियातील जावा बेटावर योग्यकर्ता आणि सुरकर्ता ही दोन जुनी राजनगरे आहेत. तेथील रस्त्यांच्या पाट्यांवर रोमन अक्षरांसोबत आणखी एक वळणदार लिपी दिसते. जावानी भाषा कोट्यवधी लोक बोलतात. पण तिची ही स्वतःची लिपी सहज वाचणारे आज थोडेच उरले आहेत. हे कसे घडले?

२/
या लिपीचे कूळ आपल्या परिचयाचे आहे. ब्राह्मीपासून दक्षिण भारतातील पल्लव लिपी, पल्लवपासून जावातील कवी लिपी आणि कवीपासून आजची जावानी. व्यंजनात 'अ' गृहीत, इतर स्वरांना चिन्हे, जोडाक्षरातील दुसरे व्यंजन बहुधा पहिल्याच्या खाली. शब्दांमध्ये जागा सोडण्याची प्रथा मात्र नाही.

३/
वर्णमाला 'क'पासून सुरू होत नाही. मूळ अक्षरे २० :
ह न च र क
द त स व ल
प ड ज य ञ
म ग ब ट ङ
पहिल्या ओळीवरून लिपीचे नाव पडले 'हनाचरक'. उच्चार मात्र 'होनोचोरोको'च्या जवळचा.

४/
या चार ओळींतून एक कथाही वाचली जाते : दोन दूत होते; त्यांच्यात वाद झाला; दोघे तुल्यबळ होते; दोघेही मरून पडले. आजी साका या राजाने एका सेवकाला बजावले होते, 'माझी कट्यार माझ्याखेरीज कोणालाही देऊ नकोस.' पुढे ती आणायला त्याने दुसऱ्यालाच धाडले. दोघेही आज्ञेला जागले आणि एकमेकांच्या हातून मेले. कथा अर्थात लिपीहून नंतरची. पण अक्षरे पाठ होण्यास तिच्याइतका उत्तम उपाय नव्हता.

५/
आणखी एक गंमत. जावानी उच्चारांत ख, घ, भ या महाप्राणांची गरज नव्हती. पण ती अक्षरे टाकून दिली गेली नाहीत. त्यांना 'मुर्दा' अक्षरे म्हणून मान मिळाला आणि ती आदरणीय व्यक्तींची व स्थळांची नावे लिहिण्यासाठी वापरली जाऊ लागली. आदरार्थी बहुवचन आपल्याला ठाऊक आहे. इथे आदरार्थी अक्षरच आहे!

६/
जून १८१२. रॅफल्सच्या कारकिर्दीत इंग्रज फौजेने योग्यकर्त्याचा राजवाडा जिंकला. या फौजेत हिंदी शिपाईही होते. राजवाड्यातील ग्रंथसंग्रह लुटला गेला आणि त्यातील अनेक हस्तलिखिते पुढे ब्रिटनला पोहोचली.

७/
तरीही लिपी संपली नाही. १८३८ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये टॅको रोर्डा यांच्या देखरेखीखाली तिचे खिळे ओतले गेले. १८५५ मध्ये सुरकर्त्यातून 'ब्रोमार्तानी' हे जावानी वृत्तपत्र निघाले. १९२६ मध्ये लेखननियमही ठरले. म्हणजे छपाईच्या युगात ही लिपी चांगली रुळली होती.

८/
ओहोटी लागली ती विसाव्या शतकात. शाळा आणि छापखाने यांना रोमन लिपी सोयीची वाटू लागली. १९४२ ते १९४५ या जपानी अमलात जावानी लिपीच्या वापरावर बंदी आली. स्वातंत्र्यानंतर रोमन लिपीतील इंडोनेशियन ही राष्ट्रभाषा झाली. बंदी जपान्यांबरोबर गेली. मोडलेली सवय मात्र परतली नाही.

९/
२००९ मध्ये ही लिपी युनिकोडमध्ये आली. २०१९ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने योग्यकर्त्याच्या ७५ हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती तेथील सुलतानांना सुपूर्द केल्या. मूळ पोथ्या लंडनमध्येच राहिल्या. २०२१ मध्ये योग्यकर्त्यात पहिली जावानी लिपी परिषद भरली. शाळांत ही लिपी शिकवली जाते. पण परीक्षा संपली की बहुतेकांचा तिच्याशी संबंधही संपतो.

१०/
दोनशे वर्षांपूर्वी पोथ्या दूर गेल्या, पण वाचणारे घरी होते. आज पोथ्यांची चित्रे मोबाइलवर उघडतात, पण वाचणारे विरळ झाले आहेत. मोडीच्या रुमालांचा विचार करणाऱ्या आपल्याला हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. कागद जतन करता येतो, अक्षराला आकार देता येतो. पण लिपी टिकते ती कोणीतरी रोज चार ओळी लिहितो तेव्हाच.

(समाप्त)